व्हील नट आवळूनही पुन्हा पुन्हा ढिले होतात? जोर वाढवण्याआधी कारण शोधा

तक्रार दरवेळी सारखीच असते. घरी चाक बदललं, नट दणकून आवळले, आठ दिवसांनी सहज पाना लावून पाहिला तर दोन नट हलक्या हाताने फिरले. पुन्हा आवळले, आठवड्याने पुन्हा तेच. मग पान्यावर पाय देणं सुरू होतं, पान्याला पाइप चढवला जातो, आणि एक दिवस स्टड (नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा) ‘कट्’ करून हातात येतो.

बरोबर जातीचा नट स्वच्छ बैठकीवर (चाकात नट टेकतो त्या जागेवर) योग्य टॉर्कने, म्हणजे आवळण्याच्या पिळाच्या जोराने, बसला की तो सहसा आपणहून सुटत नाही. सुटतोय याचा अर्थ चाक आणि हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) यांच्यामध्ये काहीतरी दबतंय, सरकतंय किंवा मुळातच चुकीचं बसलंय. जोर वाढवून ते कारण जात नाही, फक्त काही दिवस झाकलं जातं.

गाडी चालवताना एका चाकातून वेगाबरोबर वाढणारी कटकट ऐकू येत असेल, स्टिअरिंग अचानक थरथरू लागलं असेल किंवा गाडीचा मागचा भाग डुलल्यासारखा वाटत असेल, तर बाकीचं नंतर वाचा. आधी सावकाश बाजूला थांबा आणि चारही चाकांचे नट पाहा. ‘घरी जाऊन बघू’ ही या बाबतीत वाईट सवय आहे. ढिल्या नटांवर धावलेल्या चाकाची छिद्रं थोड्याच अंतरात लंबगोल होतात आणि मग चाक आणि स्टड दोन्ही भंगारात जातात.

नट नेमकं काय धरून ठेवतो

गाडीचं वजन स्टडवर टांगलेलं असतं, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात स्टड ही ताणलेली स्प्रिंग आहे. नट आवळला की स्टड किंचित लांबतो, परत आखडायला बघतो, आणि त्या ओढीने चाकाची मागची बाजू हबच्या तोंडावर दाबली जाते. चाकाला जागेवर ठेवतं ते या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण.

आकडे घेतले की चित्र स्पष्ट होतं. १२ मिमी जाडीचा कोरडा, स्वच्छ स्टड ११० न्यूटन-मीटर टॉर्कला आवळला तर त्यात सुमारे साडेचार टनांचा ताण तयार होतो. चार नट असले तर चाक हबवर जवळजवळ १८ टनांनी दाबलेलं असतं. त्यातून मिळणारं घर्षण अंदाजे अडीच टनांचं, आणि लहान गाडीच्या एका चाकावर स्थिर भार येतो तीन-चारशे किलोंचा. खड्डे, वळणं, ब्रेक हे सगळं धरूनही फरक पुरेसा राहतो. हा दाब कमी झाला की मात्र चाक हबवर अगदी सूक्ष्म प्रमाणात इकडेतिकडे सरकू लागतं. असं आडवं सरकणं हेच नट सुटण्याचं मुख्य कारण असतं, हे जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ साली प्रयोगाने दाखवलं. म्हणूनच स्प्रिंग वॉशर किंवा आट्यांवर लावायचा लॉकिंग गोंद हा व्हील नटवरचा उपाय नाही. चाक सरकत असेल तर दोन्ही हरतात, आणि वॉशरने तर नटची बैठकच बिघडते.

आता सगळ्यात महत्त्वाचा हिशेब. साडेचार टनांच्या ताणाखाली स्टड किती लांबतो? चाकातून जाणारा त्याचा भाग २५ मिमी धरला तर जेमतेम ०.०६ मिमी, म्हणजे साधारण एका केसाच्या जाडीइतका. चाकाची रिम आणि नटची बैठक थोडी लवचीक असते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी जास्त सूट मिळते, पण प्रमाण याच घरातलं. १.५ मिमी पिचच्या (दोन आट्यांमधल्या अंतराच्या) आट्यावर ०.०६ मिमी म्हणजे एका फेऱ्याचा पंचविसावा भाग. चाक आणि हबच्या मध्ये गंजाचा एखादा पापुद्रा असेल आणि तो पुढच्या शंभर किलोमीटरमध्ये चिरडून गेला, तर नट तसूभरही न फिरता सगळी पकड गेलेली असू शकते. नट मग नुसता निमित्ताला फिरतो.

किती आवळायचं

गाडीच्या पुस्तिकेत जो आकडा आहे तोच. ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असा आकडा नसतो. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना १०३ न्यूटन-मीटर लागतात, होंडाच्या बऱ्याच गाड्यांना १०८, फोक्सवॅगनच्या १४ मिमी बोल्टच्या बऱ्याच गाड्यांना १२०, तर टेस्ला मॉडेल ३ला १७५. १२ मिमी स्टडच्या लहान गाड्यांमध्ये ८५ सुद्धा सापडतो. पुस्तिकेत आकडा किलोग्रॅम-मीटरमध्ये असेल तर ९.८१ने गुणा, पाउंड-फूटमध्ये असेल तर १.३६ने. ८० पाउंड-फूट वाचून टॉर्क रेंचवर (ठरवलेला टॉर्क गाठला की ‘टक्’ वाजणाऱ्या पान्यावर) ८० न्यूटन-मीटर लावणं ही नेहमीची चूक आहे. त्यात पकड एक-चतुर्थांशाहून जास्त कमी पडते.

गाडीसोबत येणारा पाना साधारण २५ ते ३० सेंटिमीटरचा असतो. ३० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर ७० किलोंचा माणूस उभा राहिला तर २०० न्यूटन-मीटरच्या वर टॉर्क जातो, म्हणजे १२ मिमी स्टडला हवा त्याच्या जवळपास दुप्पट. उलट त्याच पान्यावर ११० न्यूटन-मीटर मिळवायला टोकावर सुमारे ३७ किलोंचा जोर लागतो, ६० सेंटिमीटरचा पाना असला तर १९. रस्त्यात टॉर्क रेंच नसताना एवढा अंदाज पुरतो: लहान पान्याच्या टोकाला धरून हाताने घट्ट जोर, पाय नाही, उडी नाही. घरी पोहोचल्यावर रेंच लावायचाच.

नटवर लावलेल्या टॉर्कमधला साधारण निम्मा भाग नटच्या बैठकीतल्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि स्टड ताणायला उरतात कसेबसे दहा टक्के. म्हणून आट्यांना तेल लावलं की घर्षण घटतं आणि त्याच टॉर्कला ताण साडेचारवरून सहा टनांवर जाऊ शकतो. स्टड कायमचा लांबला की त्याची स्प्रिंग संपली, पुढे तो कितीही आवळा, पकड देत नाही. गंजलेल्या, खरखरीत आट्यांवर बरोबर उलटं होतं: रेंच ‘टक्’ म्हणतो, पण टॉर्क घर्षणातच संपलेला असतो. पुस्तिकेत वेगळं सांगितलेलं नसेल तर आटे आणि बैठक स्वच्छ आणि कोरडी ठेवा. नट सुटेना म्हणून गंज सोडवणारा स्प्रे मारला असेल, तर परत बसवण्याआधी तो पुसून काढा. तोही तेलच आहे, आणि हे हमखास विसरलं जातं.

कारण शोधताना या क्रमाने बघा

गाडी सपाट, टणक जागी. हँडब्रेक ओढलेला, पहिल्या गिअरमध्ये किंवा ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये, तिरक्या समोरच्या चाकाला दोन्हीकडून अडथळा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सोडवा, मग जॅक ठरलेल्या जागी लावा. चाक काढून काम करायचंय, तर जॅकच्या जोडीला स्टँड हवाच. गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नको.

चाक काढण्याआधीच काही खुणा दिसतात. नटच्या कडेपासून बाहेर पसरलेले गंजाचे ओघळ किंवा काळपट भुकटी म्हणजे तिथे हालचाल होतेय. पोलादी रिमवर छिद्राभोवती चकचकीत घासलेला पट्टा हेच सांगतो. सगळेच नट थोडे थोडे ढिले आहेत की एकच वारंवार सुटतोय, हेही लिहून ठेवा. सगळेच असतील तर दोष बहुधा हबच्या तोंडावर किंवा चाकात असतो. एकच असेल तर त्या एका स्टडमध्ये, नटमध्ये किंवा बैठकीत.

चाक निघालं की आधी हबचं तोंड. गंजाचे फुगवटे, चिखलाची वाळलेली खपली, चाकाच्या मागच्या बाजूला चिकटलेला अॅल्युमिनियमचा पांढरा क्षार, हे सगळं तारेच्या ब्रशने काढा, चाकाकडचंही आणि हबकडचंही. नखाला टोचेल असं काही उरता कामा नये. ग्राइंडर मात्र लावू नका, तो गंजाबरोबर धातूही खातो आणि तोंड असमतल करतो. स्टडच्या बुडाशी, कोपऱ्यात साठलेला गंज नजरेतून सुटतो आणि नेमका तिथेच चाक टेकतं, म्हणून तिथे ब्रश आडवा धरून जरा वेळ घाला.

ब्रेकची डिस्क वेगळी निघणारी असेल तर डिस्क आणि हब यांच्यामधली जागाही तपासा. नवी डिस्क किंवा ड्रम बसवल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर संशय थेट इथेच. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल पुसलंय का? डिस्क धरणारा छोटा स्क्रू तोंडाच्या पातळीखाली बसलाय का? त्याचं डोकं अर्धा मिलिमीटर वर राहिलं तरी चाक त्यावर टेकतं आणि डुलतं. काही गाड्यांत कारखान्यातून डिस्क किंवा ड्रम तात्पुरता धरायला स्टडवर पातळ पत्र्याच्या चकत्या अडकवलेल्या असतात. त्यांचं काम जोडणीपुरतं असतं आणि काही चाकांच्या मागे त्यांना खाच नसते. दिसल्या तर कापून काढा.

रंग हा सगळ्यात फसवा गुन्हेगार. रिमला नव्याने पावडर कोटिंग करून आणलं आणि मग नट ढिले होऊ लागले, ही जोडी वारंवार दिसते. पावडर कोटिंगचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. वर स्टडचं लांबणं काढलं ते ६० मायक्रॉनचं. हबकडच्या बाजूला एक थर, नटच्या बैठकीत दुसरा, आणि दोन्ही हळूहळू दबत जाणार. नटची बैठक आणि हबला टेकणारा भाग रंगाशिवाय हवा, म्हणून रंगवायला देतानाच हे दोन भाग झाकायला सांगायचे. रंग चढलेलाच असेल तर रंग काढायच्या रसायनाने तो उतरवा. बैठक खरवडून काढू नका, तिचा आकार जातो.

नट चाकाच्याच जातीचा आहे का

नटची बैठक तीन प्रकारची असते. निमुळती, म्हणजे ६० अंशांचा शंकू. गोल, म्हणजे चेंडूच्या तुकड्यासारखी. आणि सपाट, वॉशरवाली. बाजारातली बहुतेक अलॉय चाकं निमुळत्या नटची असतात. होंडाच्या मूळ चाकांना गोल बैठक असते, फोक्सवॅगनच्या बऱ्याच मूळ चाकांनाही गोलच, पण तिची त्रिज्या वेगळी. टोयोटाच्या बऱ्याच अलॉय चाकांना सपाट वॉशरचे नट लागतात.

गोल बैठकीत निमुळता नट आवळला तर तो दिसायला बसतो, आवळतोही, पण टेकतो फक्त एका बारीक वर्तुळरेषेवर. ती रेषा धावताना चेपली जाते, ताण जातो, नट सुटतो. चाक काढल्यावर बैठकीत एकच चमकदार कड दिसली तर हेच झालंय. पूर्ण बैठकीवर एकसारखी घासल्याची खूण हवी. वेगळी रिम घेताना जुनेच नट वापरले की हा घोळ होतो, म्हणून नव्या रिमचा प्रकार विचारून नट घ्या.

उलटा नट ही बाळबोध चूक वाटेल, पण अंधारात, पावसात ती होते. निमुळता भाग नेहमी चाकाकडे.

स्टेपनी पोलादी आणि बाकी चाकं अलॉय असतील तर पुस्तिकेतलं स्टेपनीचं पान वाचा. काही गाड्यांत सपाट वॉशरचे तेच नट स्टेपनीलाही चालतात, मात्र तिथे वॉशर टेकत नाही, त्यापुढचा निमुळता भाग टेकतो. स्टड-नटऐवजी थेट हबमध्ये बोल्ट आवळायच्या गाड्यांत तर लांबी पाहावी लागते. जाड अलॉयचा लांब बोल्ट पातळ पोलादी रिमला लावला तर तो हबमधून पलीकडे जाऊन मागच्या ड्रमच्या आत, हँडब्रेकच्या यंत्रणेला अडतो. बोल्ट घट्ट वाटतो, चाक मात्र हलतं.

टोपी असलेले बंद नटही असेच फसवतात. स्टड लांब आणि नट उथळ असला तर स्टडचं टोक टोपीच्या आत टेकतं, रेंच वाजतो, पण नट चाकाला दाबत नाही. चाक काढलेलं असताना नट हाताने शेवटपर्यंत फिरवा आणि किती फेरे जातो ते मोजा. मग चाक लावून तो चाकाला टेकेपर्यंतचे फेरे मोजा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा स्पष्टपणे कमी हवा. दोन्ही सारखे आले तर नट टोपीत अडतोय.

फेऱ्यांचा दुसरा उपयोग पकडीसाठी. आटे किमान स्टडच्या जाडीइतके गुंतलेले हवेत: १२ मिमी स्टड, १.५ पिच असेल तर किमान ८ फेरे, १.२५ पिच असेल तर १०, आणि १४ मिमी, १.५ पिच असेल तर साडेनऊ. चाकामागे स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) टाकल्यावर हा हिशेब बिघडतो. पाच फेऱ्यांत घट्ट होणारा नट म्हणजे लांब स्टड बसवायची वेळ.

पिचचंही तेच. टोयोटा, होंडा, ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्या १.५च्या, सुझुकी, निसान, सुबारूच्या बऱ्याच १.२५च्या. चुकीच्या पिचचा नट दोन-तीन फेरे जातो आणि अडतो. तिथे पान्याने जोर दिला की आटे गेलेच. नट पहिले पाच-सहा फेरे उघड्या बोटांनी फिरला पाहिजे, नाही फिरला तर उलटा काढा आणि बघा.

आणि छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास. ४ छिद्रांचं ९८ मिमीचं चाक १०० मिमीच्या हबवर चढतं. ५ छिद्रांचं ११२ आणि ११४.३ यांच्यातही लोक ओढाताण करतात. प्रत्येक छिद्र मिलिमीटरभर बाजूला पडतं, नट तिरके बसतात, स्टड वाकलेल्या स्थितीत ताणले जातात. अशा चाकाचे नट कितीही वेळा आवळले तरी सुटणारच. मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर योग्य मापाची हब रिंग (ती फट भरणारं कडं) टाका. बसवताना चाक मध्यावर येण्यासाठी तिचा उपयोग होतो. हबच्या मधल्या उंचवट्यावर गंज धरू नये म्हणून ग्रीसचा अगदी पुसट हात चालतो. तो तोंडावर, स्टडवर किंवा नटवर जाऊ द्यायचा नाही.

स्टड मेलाय का

नट आवळताना जोर वाढत जाऊन अचानक ‘मऊ’ झाला, पाना फिरतोय पण घट्टपणा वाढत नाही, रेंच वाजत नाही: थांबा. स्टड ताणला जातोय किंवा आटे सुटतायत. चांगला नट बाजूच्या स्टडवर सहज फिरतो आणि या स्टडवर मध्येच एका जागी जड जातो, तर तिथे आट्यांचं अंतर वाढलंय. बारीक मान पडलेली नुसत्या डोळ्यांनीही कधी दिसते. असा स्टड नटसकट बदला. चाक ढिलं असताना बरंच धावलं असेल किंवा एक स्टड तुटला असेल, तर त्या चाकाचे सगळेच स्टड बदलणं शहाणपणाचं, कारण तुटलेल्याचा भार इतके दिवस शेजारचेच झेलत होते. छिद्र लंबगोल झालेली रिम दुरुस्त होत नाही.

चकाकत्या पत्र्याची टोपी चढवलेले नट पाण्याने आतून गंजून फुगतात. १९चं सॉकेट बसेना, २१चं सैल, मग ठोकून बसवलं जातं आणि कोपरे झिजतात. असे नट एकसंध पोलादी नटांनी बदलून टाका. सॉकेट सहा कोनांचंच वापरा, बारा कोनांचं कोपरे खातं.

बसवण्याची पद्धत

चाक हवेत असताना सगळे नट बोटांनी पूर्ण फिरवा. मग छोट्या पान्याने, समोरासमोर, अंदाजे २० न्यूटन-मीटर. या टप्प्यात चाक हाताने थोडं डोलवत राहा म्हणजे निमुळत्या बैठकी आपली जागा शोधतात. पाच छिद्रांसाठी क्रम १, ३, ५, २, ४. चारसाठी तिरके समोरासमोर. सहासाठीही आधी समोरचा, मग शेजारची जोडी. एका बाजूने गोल गोल आवळत गेलात तर चाक पहिल्या नटापाशी आधी टेकतं, पलीकडे बारीक फट राहते आणि ती नंतर बंद होताना पहिले नट ढिले करते.

यानंतर गाडी एवढीच खाली घ्या की टायर जमिनीला टेकून चाक फिरायचं थांबेल, पूर्ण वजन येऊ नये. याच क्रमाने एक फेरी निम्म्या टॉर्कने, दुसरी पूर्ण टॉर्कने. कोणी ब्रेक दाबून धरणारं असेल तर ही फेरी चाक हवेत असतानाही करता येते, मात्र गाडी जॅक आणि स्टँडवर पक्की असेल तरच. शेवटी त्याच क्रमाने आणखी एक फेरी, फक्त खात्रीसाठी. पहिल्या नटने आता ‘टक्’च्या आधी किंचित फेरा घेतला तर घाबरू नका, शेजारचे आवळताना त्याचा ताण थोडा उतरतो. म्हणूनच ही फेरी वगळायची नसते.

टॉर्क रेंच वापरायची रीत आहे. मुठीच्या मधोमध धरा, झटका न देता एकसारखा ओढा, पहिल्या ‘टक्’ला थांबा. दोनदा-तीनदा वाजवला की प्रत्येक वेळी नट थोडा पुढे सरकतो. रेंचच्या आकड्यांच्या पट्ट्याच्या खालच्या पाचव्या भागात मोजमाप भरवशाचं नसतं, म्हणून व्हील नटसाठी ४० ते २०० न्यूटन-मीटरचा अर्धा इंची रेंच सोयीचा. नट सोडवायला तो वापरू नका, काम झालं की रेंच सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा. आयएसओ ६७८९ या मानकाप्रमाणे अशा रेंचची तपासणी १२ महिन्यांनी किंवा ५,००० वापरांनी व्हायला हवी. घरगुती वापरात ५,००० कधी होत नाहीत, पण फरशीवर पडलेला रेंच त्याच दिवशी संशयित ठरतो.

इम्पॅक्ट गन (ठोके देत नट फिरवणारं यंत्र) सोडवण्यासाठी उत्तम. आवळताना ती किती टॉर्क देते हे बॅटरी, हवेचा दाब आणि बोट किती वेळ दाबलं यावर ठरतं. गनने घट्ट करून वरून टॉर्क रेंच वाजवून बघण्यात काहीच अर्थ नाही. नट १८० न्यूटन-मीटरला गेलेला असेल तर ११०ला लावलेला रेंच लगेच वाजणारच. असमान आवळलेल्या नटांनी डिस्क किंचित वाकडी बसते, आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. तेव्हा लोक डिस्क बदलतात आणि पुन्हा गननेच नट मारतात.

पुन्हा तपासणी आणि तिचा अर्थ

५० ते १०० किलोमीटरनंतर, चाकं गार असताना, त्याच आकड्यावर रेंच लावा. गरम असताना नाही: अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे लांबच्या प्रवासानंतर रिम फुगलेली असते आणि स्टडमधला ताण वाढलेला असतो. तेव्हा आवळलेला नट रिम गार झाली की ढिला पडतो. नट आधी सोडवायची गरज नाही. ठरलेल्या टॉर्कला न फिरता वाजला तर ठीक. पहिल्या तपासणीत जरासा फिरून वाजला तर बैठक जमली म्हणायची, पण आणखी १०० किलोमीटरनी पुन्हा बघायचं. दुसऱ्यांदाही फिरला तर तिसऱ्यांदा आवळू नका. चाक काढा आणि वरची यादी हबच्या तोंडापासून पुन्हा सुरू करा.

यासाठी एक सोपी सोय: शेवटचा टॉर्क दिल्यावर पेंट मार्करने प्रत्येक नटवरून रिमवर एक सरळ रेघ ओढा. मालवाहू ट्रकच्या चाकांवर दिसणाऱ्या पिवळ्या प्लॅस्टिकच्या बाणांचं काम हेच असतं. रेघ तुटली म्हणजे नट फिरला. फक्त एवढं लक्षात ठेवा की दबलेल्या रंगामुळे किंवा गंजामुळे गेलेला ताण रेघेत दिसत नाही, कारण तेव्हा नट अजून फिरलेला नसतो. तो रेंचलाच कळतो.

चोरीपासून वाचवणारा लॉक नट असेल तर त्यालाही इतरांइतकाच टॉर्क द्या, मात्र चावी सरळ, पूर्ण आत बसवून. चावी तिरकी बसली की तिचे दात तुटतात आणि मग स्टेपनी डिकीत असूनही उपयोगाची राहत नाही. चावी गाडीतच ठेवा, घरच्या कपाटात नको.